वरच्या कप्प्यातलं दूध

मंगळवार, ८ एप्रिल

फ्रीजर सगळा रिकामा केला. हिवाळ्यात सोलून ठेवलेले वाटाणे, लिंबाच्या रसाची बाटली, बर्फाचे ट्रे, आणि कुणी कधी ठेवली देव जाणे अशी चिंचेच्या कोळाची पिशवी— सगळं बाहेर. वाटाणे शेजारी वाटून टाकले. खायच्या सोड्याच्या पाण्यानं आतून पुसला, कोरड्या फडक्यानं पुन्हा पुसला. आजपासून वरचा कप्पा नातीचा. दुसऱ्या कुणाची काडी तिथं दिसली तर माझ्याशी गाठ आहे, असं लेकाला, वैजनाथला सांगून ठेवलं.

नात नांदेडच्या दवाखान्यात, काचेच्या पेटीत. आठव्या महिन्यातच आली. वजन इतकं कमी की सिस्टर म्हणे, बघायला या, हातात घ्यायला नको. इकडं कोमलचे टाके चिघळले, रोजचा प्रवास झेपायचा नाही. सुनेला घरी आणलं, लेकरू तिथंच राहिलं. म्हणजे आई वसमतला आणि लेकरू नांदेडला. कोमल इथं दूध काढते, वैजनाथ पहाटेच्या बसनं बर्फाच्या डब्यातून नेऊन देतो आणि तसाच परत येऊन हळदीच्या आडतीवर कामाला उभा राहतो.

लेकरू घेतं कितीसं! नळीनं चमचाभर. बाकीचं साठवायचं. घरी आली की लागेलच. सिस्टरनं वैजनाथजवळ सांगून पाठवलं ते विसरायच्या आत लिहून ठेवते. "फ्रीजच्या दारात ठेवू नका, दार उघडलं की गरम हवा आधी तिथंच लागते. आत, मागं ठेवा. डब्या लहान घ्या. काठोकाठ भरू नका, गोठलं की दूध फुगतं. वर तारीख टाका, आधीचं आधी वापरा. आणि एकदा वितळलं की पुन्हा गोठवायचं नाही. एका दिवसात संपवा, नाहीतर टाका."

जन्मभर अंगणवाडीत बायांना आईच्या दुधावर भाषणं दिली. त्यात फ्रीजरचं काही नव्हतं.

गुरुवार, १० एप्रिल

भर दुपारी लाइट गेली. बाहेर नुसती आग. मी फ्रीजपुढं खुर्ची टाकून बसले. वैजनाथ घामाघूम होऊन आला आणि सवयीनं हँडलला हात घातला. "माठातलं पी," मी म्हणाले. बिचारा ओसरीवरच्या माठाकडं वळला.

फ्रीजर भरलेला असला की गारवा टिकतो, आमचा तर अर्धा मोकळा. म्हणून कालच पाण्याच्या बाटल्या भरून मोकळ्या जागेत गोठवून ठेवल्या होत्या. तरी चार वाजले तशी धाकधूक व्हायला लागली. तेवढ्यात अमिनाबी पोत्यात गुंडाळलेली बर्फाची लादी घेऊन दारात. आमची भिंतीला भिंत. तिचे मालक महेबूबभाई बसस्टँडवर सोडा-लस्सीचं दुकान चालवतात, तिथून आणलेली.

तिच्या घरी तरी काय सुख आहे. लेक आफिफा बाळंतपणाला माहेरी आली, मुलगा झाला, शाकीर नाव ठेवलं, आणि तिच्या किडन्यांनीच दगा दिला. तीही नांदेडला, मशीनवर. औषधं इतकी कडक की डॉक्टरांनी अंगावर पाजायला मनाई केली. पोरगं आजीजवळ, पावडरच्या दुधावर. अमिनाबी म्हणाली, "बाई, तुमचं लेकरू तिकडं, माझं लेकरू तिकडं. आपुन दोघी इकडं बर्फ राखून राहिलो."

सहा वाजता लाइट आली. डब्या दगडासारख्या घट्ट होत्या.

शनिवार, १२ एप्रिल

आज नळीनं घ्यायचं थोडं वाढवलं. पचलं. वैजनाथनं फोनवर तीनदा सांगितलं.

मंगळवार, १५ एप्रिल

कोमल फ्रीजरचं दार उघडून उभी. "काय बघतेस?"

"काही न्हाई आत्या. तिचं बघून राहिले."

रांगेनं डब्या, प्रत्येकीवर पांढरी चिकटपट्टी, तिच्या बारीक अक्षरात तारीख. गोठलं की ते दूध पिवळसर दिसतं. या पोरीनं अजून लेकराला छातीशी धरलेलं नाही. काचेतून एकदा पाहिलं, तेवढंच. तिला पाजायचं म्हणजे हे— डबी भरायची, झाकण लावायचं, आत ढकलायची. मी म्हणाले, "दार लाव, गारवा जातो."

आडतीवर सगळे बारसं कधी म्हणून विचारतात, असं वैजनाथ सांगत होता. घरी तर येऊ दे आधी.

शुक्रवार, १८ एप्रिल

गेली.

शनिवार, १९ एप्रिल

एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत. डोंगरकडा गावाला आमच्या शेतात, बांधाजवळ ठेवली. वैजनाथ नांदेडपासून मांडीवर घेऊन आला होता. माझी जाऊ शालूबाई तिथं शेतातच राहते. तिनं जागा साफ करून ठेवली होती. कोमलला जीपमधून उतरू दिलं नाही. तिनं काचेतून पाहिलं. पुन्हा काचेतूनच.

रविवार, २० एप्रिल

सुतक. भावकीतल्या भिकाबाई काय करायचं, काय नाही ते सांगायला आल्या. "सुतकातलं दूधदुभतं घरात ठेवू न्हाई." दही टाकलं, साय टाकली, तापवलेलं दूध टाकलं, कालचं वरण टाकलं. खालचा फ्रीज झाला. मग त्यांनी वरच्या दाराला हात लावला.

"तिथं नुसता बर्फ आहे," मी म्हणाले आणि फ्रीजला पाठ लावून उभी राहिले. कोणत्या सासवेनं सुतकात भावकीशी असं खोटं बोलावं! पण टाकायचं म्हणजे कुठं? खरकट्यासारखं मोरीत ओतू का? माझ्याच्यानं होणार नाही ते.

बुधवार, २३ एप्रिल

लेकरू गेल्याचं मनाला कळतं, अंगाला कुठं कळतं? कोमलची छाती भरून दगड झाली आहे. ताप चढला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पार अवघडलं तर थोडं मोकळं करा, बाकी काढत बसू नका, आपोआप आटेल. भिकाबाईंनी मोगऱ्याची फुलं पाठवली. ती बांधली की दूध आटतं म्हणतात. मी बांधली. बाळंतिणीच्या खोलीला शेकशेगडीचा वास असावा. आमच्या खोलीला मोगऱ्याचा येतो आहे.

ती स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही. फ्रीज तिथं आहे ना.

संध्याकाळी भिंतीपलीकडं शाकीर रडायला लागला. कोमल भिंतीकडं पाठ करून पडली होती. बघता बघता तिचं पोलकं ओलं झालं. तिनं पदर ओढून घेतला. मी पाहिलंच नाही असं दाखवून कपड्यांच्या घड्या घालत राहिले.

शनिवार, २६ एप्रिल

शाकीरला पावडर मानवत नाही. डॉक्टरांनी डबा बदलून दिला, तरी तेच— पोटात गेलं की बाहेर. आज मांडीवर घेतला. वजनाला मला काटा लागत नाही. इतकी वर्षं गावची लेकरं झोळीत टांगून वजनं केली आहेत. पोरगं उतरलं आहे. टाळू आत गेल्यासारखी वाटली. दवाखान्यात परत दाखवा, असं मी म्हणाले.

अमिनाबीला ठाऊक आहे आमच्या फ्रीजरमध्ये काय आहे. तिनंच तर बर्फ आणून दिला होता. पण तिची नजर एकदाही तिकडं गेली नाही. मीच अडखळत विषय काढला, "अमिनाबी, ते वर ठेवलेलं—"

तिनं माझ्या हातावर हात ठेवला. "नको बाई. ते तिच्या लेकराचा हक हाय. दुसऱ्याचा हक मागायचा नसतोय."

आता मी काय करू? दूध काही माझं नाही की उचलून देऊन टाकू. ज्या पोरीला विचारायचं ती पाणीसुद्धा ओसरीवरच्या माठातलं पिते. तिच्यापुढं जाऊन कोणत्या तोंडानं म्हणू, की तुझं लेकरू गेलं, तर ते दूध शेजारच्याला देऊ का? आणि नाही विचारलं तर भिंतीपलीकडचं पोरगं वाळून चाललं आहे. 

सोमवार, २८ एप्रिल

वैजनाथ म्हणाला, "माय, टाकून दे ते. मला घरात यायला भ्या वाटतं."

"तू टाक," म्हणाले.

तो उठला, वरचं दार उघडलं. बराच वेळ उभा राहिला. गार वाफ त्याच्या तोंडावर येत होती. मग दार लावलं. "उद्या टाकतो," म्हणाला आणि आडतीवर निघून गेला.

बुधवार, ३० एप्रिल, अक्षय तृतीया

 जसं झालं तसं लिहिते.

सण करायचा नव्हताच. शालूबाई डोंगरकड्याहून कोमलला भेटायला आली. ती माउली गाईम्हशींत वाढलेली, मायेची. घर सुनं सुनं पाहून तिला राहवेना. "सनाचं लेकराच्या तोंडात गोड न्हाई, असं कसं?" मी मागं अंगणात न्हाणीजवळ धुणं धूत होते. तिनं गोड करायला काय आहे म्हणून फ्रीज धुंडाळला. वरच्या कप्प्यात लहान लहान डब्या, आत पिवळसर गोठलेलं दूध, वर तारखा.

तिच्या घरी म्हैस व्याली की चीक असाच डब्यात गोठवून ठेवतात, पाहुणा आला की खरवस. तारीख पाहून तिला वाटलं, म्हैस कधी व्याली ते लिहिलं आहे. या साठवणीचं तिला कुणी बोललंच नव्हतं. आम्ही तरी कुणाशी काय बोललो होतो! तिनं तीन डब्या पाण्यात ठेवून वितळवल्या, एक पातेल्यात ओतून गॅसवर चढवली, गूळ किसला. आणि कोमलला बरं वाटावं म्हणून हाक मारली—

"कोमल, चीक कोनाच्या घरचा हाय गं? पहिल्या दिसाचा का दुसऱ्या? गूळ किती घालू?"

कोमल दारात आली. मीही पिळा हातात घेऊन धावले, पण उशीर झाला होता. तिनं ओट्यावरच्या डब्या पाहिल्या. पट्ट्यांवरचं आपलं अक्षर पाहिलं. जाग्यावरच खाली बसली.

मी गॅस बंद केला. शालूबाईला सांगावं लागलं. दोन शब्दांतच तिला कळलं. ती किसणी हातात धरून तशीच उभी राहिली, मग तोंडात पदराचा बोळा घालून रडायला लागली. "माझ्या हाताला किडं पडोत," म्हणत राहिली. तिला काय बोलणार? तिची काय चूक?

कोमल म्हणाली, "आत्या, तुमी हे सगळं ठेवलं होतं?"

"व्हय."

"काहून?"

 खरंच मला माहीत नाही. मी तिच्याजवळ फरशीवर बसले.

मग ती उठली. पाण्यातल्या डब्या एकेक हातात घेऊन हलवून पाहिल्या. आत सगळं पातळ झालं होतं. "आता हे परत ठेवता येत न्हाई," म्हणाली. सिस्टरचा निरोप तिला पाठ होता. दिवसभरात कुणाच्या पोटात तरी जायला पाहिजे, नाहीतर टाकायचं.

भिंतीपलीकडं शाकीर रडत होता. आता मोठ्यानं नाही, कण्हल्यासारखा. आम्ही तिघीही तोच आवाज ऐकत होतो.

"खालाला बोलवा," कोमल म्हणाली.

अमिनाबी आली, पण डब्यांना हात लावेना. आधी डॉक्टरला विचारा म्हणाली. शहाणी बाई. वैजनाथ आडतीवरून आला आणि कोमलचे गरोदरपणातले रक्ताचे रिपोर्ट घेऊन इथल्या लहान मुलांच्या डॉक्टरांकडं गेला. डॉक्टर म्हणाले, कुणाचंही दूध असं सरसकट देऊ नका, पण रिपोर्ट चांगले आहेत, नीट गोठवलेलं आहे, पोराला दुसरं काही पचत नाही, तेव्हा द्या. गॅसवर ठेवू नका. वाटीत गरम पाणी घेऊन त्यात डबी धरा. बोंडल्यानं पाजा. रोज मला आणून दाखवा.

तरी अमिनाबीचं एक राहिलं होतं. ती कोमलसमोर बसली. "बेटी, तुझ्या तोंडून ऐकल्याबिगर मी घेनार न्हाई. आमच्यात दुधाचं नातं रक्ताच्या बराबर असतंय. हे पोरगं तुझं दूध प्यालं की तू त्याची दूधमाय. वैजनाथ दूधबाप. पुढं तुला लेकरं झाली तर ती याची भावंडं, लग्नसुद्धा चालत न्हाई त्यांच्यात."

शालूबाई रडता रडता म्हणाली, "आगं माय, आपल्यातुपल्यात लग्नं कुठं व्हऊन राहिली?" आणि एवढ्यातही अमिनाबीच्या ओठांवर जरा हसू आलं.

मग ती म्हणाली, "आन् जी गेली, ती याची बहीन."

"गेली ना पन ती," कोमल म्हणाली.

"म्हनून काय झालं? बहीन हाय ती. मोठा झाला की आमी सांगू त्याला. सांगावंच लागतंय. तिचं नाव काय सांगू?"

 बारसं झालं नव्हतं. नाव ठेवलंच नव्हतं. मी तिला पोर म्हणायची, वैजनाथ छकुली म्हणायचा, बस.

"सृष्टी," कोमल म्हणाली.

दारात वैजनाथ उभा होता. त्यालाही माहीत नव्हतं. तो तसाच मागं अंगणात निघून गेला.

गुरुवार, १ मे

काल शाकीर प्यायला. उलटलं नाही. आज सकाळीही नाही.

गूळ पडलेलं दूध पातेल्यात तसंच होतं. त्याचं काय करावं कुणालाच कळेना. शालूबाईनं ते गडूत ओतलं, वर फडकं बांधलं आणि बसनं जाताना मांडीवर धरून नेलं. दुपारी फोन आला. "बांधावर, तिच्या जागी घातलं बाई," म्हणाली. कोमलला सांगितलं. तिनं मान हलवली.

शनिवार, ३ मे

कोमल स्वयंपाकघरात येते. वितळवायचं तीच करते, माझ्यावर सोडत नाही. आधीच्या तारखेची डबी काढते, रात्रभर खालच्या कप्प्यात ठेवते, सकाळी कोमट पाण्यात धरते, पट्टी काढते आणि मला देते. स्वतः पलीकडं जात नाही. मी आग्रह केला नाही. पट्ट्या कुठं ठेवते ते विचारलं नाही.

आफिफानं दवाखान्यातून फोन केला होता. दोघी किती वेळ फोन धरून होत्या, बोलणं काही ऐकू आलं नाही.

सोमवार, ५ मे

शाकीरचं वजन वाढलं. डॉक्टरांच्या काट्यावर वाढलं. मला उचलतानाच कळलं होतं. पण नवी पावडर देऊन पाहिली ती अजूनही अंगी लागत नाही, थोडी थोडी सवय करा म्हणाले. थोडी थोडी सवय करायला दूध हवं ना. आमच्याकडं आता मागच्या रांगेत चारदोन डब्या.

मोगऱ्याची फुलं बांधणं कोमलनं बंद केलं आहे. आटलं असावं.

बुधवार, ७ मे

शेवटची डबी गेली. अमिनाबी म्हणाली, "लई केलं तुमी. आता अल्ला बघंल." चेहरा उतरलेला होता.

फ्रीजर पुसून घेतला. लाइटीचा भरवसा नाही, म्हणून बाटल्या तेवढ्या आत राहू दिल्या. बर्फाचे ट्रे परत ठेवावेत म्हणून हातात घेतले. ठेववले नाहीत. कोमल दुपारभर खोलीत दार लावून होती. जेवायला बोलावलं तर नंतर येते म्हणाली. मला वाटलं, पोरीचं शेवटचं काही उरलं होतं तेही आज संपलं. आता कसं सावरायचं हिला?

गुरुवार, ८ मे

सकाळी दुधाचं पातेलं घ्यायला फ्रीज उघडला. खालच्या कप्प्यात, अगदी मागं, एक डबी. झाकण लावलेली. रिकामीच राहिली असेल म्हणून उचलली, तर भरलेली निघाली.

कोमट होती.